सर्व्हरवाले भाऊ

गिरगावातली पतपेढी, दादरचा दवाखाना, लालबागचं घाऊक मसाल्याचं दुकान, यांच्यात एक गोष्ट सारखी असते. टेबलाखाली, चपलांच्या शेजारी घरघरणारा सर्व्हर आणि तो बिघडला की ज्यांना फोन जातो ते भाऊ. पाठीला सॅक, सॅकमध्ये स्क्रूड्रायव्हर, डेटाबेस सांभाळणाऱ्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ची 2008 आर2 आवृत्तीची जपून ठेवलेली सीडी आणि कुणालाही न देण्याचे चार पेन ड्राइव्ह. डॉ. भडकमकर मार्ग म्हटलं तर ते क्षणभर गोंधळतील. लॅमिंग्टन रोड म्हणा, कुठल्या गाळ्यात रॅम स्वस्त मिळते तेही सांगतील.

31 मार्च उलटला की भाऊंचा सीझन सुरू. पतपेढी ऑडिटरला बॅकअप देते. पतपेढीत 2008 आर2 ची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती, डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा असलेली. ऑडिटरचं ऑफिस लोअर परळला, लॅपटॉप नवा, त्यावर एसक्यूएल सर्व्हरची 2019 ची आवृत्ती. जुना बॅकअप तिथे बिनबोभाट उघडतो. पण उघडता उघडता डेटाबेसचा आतला आवृत्तीक्रमांक 661 वरून 904 वर गेलेला असतो, कुणाला न विचारता. ऑडिटर चार नोंदी दुरुस्त करून नवा बॅकअप परत धाडतो आणि मॅनेजरसाहेबांच्या पडद्यावर झळकते एरर 3169: नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या सर्व्हरवर चालणार नाही.

“अहो भाऊ, आपलीच फाइल आहे ना ही!”

“होती साहेब. परळला जाऊन आली आता.”

एवढ्यात साहेबांचा हिंजवडीतला भाचा फोनवरून सल्ला देतो, ‘कंपॅटिबिलिटी लेव्हल 100 करा.’ भाऊ चहाचा घोट घेतात. ती लेव्हल मुळात 100 च असते; 2019 वर गेल्यावरही तशीच राहते. तिच्यामुळे क्वेरी जुन्या वळणाने चालतात, फाइल जुनी होत नाही. उकड काढल्यावर पिठी परत डब्यात भरता येत नाही, हे भाच्याला कोण सांगणार?

मग भाऊ ऑडिटरच्या लॅपटॉपवर ‘जनरेट स्क्रिप्ट्स’ला बसतात. टेबलं आणि त्यातला डेटा, दोन्ही मजकुराच्या रूपात काढायचं आणि जुन्या सर्व्हरवर नव्याने भरायचं. स्क्रिप्ट इतकी लांबते की नेहमीच्या खिडकीत ती उघडतच नाही. मग काळ्या पडद्यावर एसक्यूएलसीएमडी ही कमांड टाइप करून ती चालवायची. खरी गंमत पुढेच. घाईत फाइल युनिकोडऐवजी आन्सीमध्ये सेव्ह झाली, तर मराठीत लिहिलेली सगळी सभासदमंडळी प्रश्नचिन्हं होऊन परत येतात. कर्जाची रक्कम बरोबर, हप्ता बरोबर, कर्जदार ‘????? ?????’. थकबाकीदारांना याहून सोयीचं काय असणार!

भाऊ जुना बॅकअप कधीच पुसत नाहीत. ‘फायनल’, ‘फायनल_खरा’, ‘फायनल_खरा_हाच_घ्या’, अशी वंशावळच असते. गंमत म्हणजे नवा सर्व्हर घ्या, असं तेच दरवर्षी सांगतात. 2008 आर2 ला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा आधार 9 जुलै 2019 रोजीच संपला. वार्षिक सभेत ठराव येतो, टाळ्या पडतात आणि पैसे जिन्याच्या लादीला जातात.

तेव्हा ऑडिटरकडे पेन ड्राइव्ह पाठवण्याआधी त्याच्याकडे कितवी आवृत्ती आहे, एवढं फोन करून विचारा. नोंदीतल्या दुरुस्त्या कागदावर मागवा आणि आपल्याच सर्व्हरवर करा. आणि एप्रिलमध्ये भाऊंना लग्नाला बोलावू नका; अक्षता पडायच्या आत त्यांचा फोन वाजेल.