दमटपंत

व्हरमाँटच्या डोंगरात लाकडाच्या स्टोव्हवर घर तापवणारा मराठी माणूस विरळाच. पण जो असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात दमटपंत होतोच. आमच्या पंतांच्या घरी जानेवारीत गेलात तर 'या, बसा' नंतर येतं. आधी "मुठीला हात नका लावू, किल्ली टेकवा!" गालिचावरून लोकरी मोजे घासत आलेल्या पाहुण्याला दाराची मूठ काय झटका देते, ते ज्याने खाल्लाय त्यालाच ठाऊक.

स्टोव्ह हवा सुकवतो असं चुकून म्हणालात, तर मात्र चहा लांबला. "स्टोव्ह ओल खात नाही हो! धुराडं घरातली हवा वर ओढतं आणि तेवढीच बाहेरची फटींतून आत येते. उणे २० अंशांची हवा घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम वाफ धरते. तीच आत २१ अंशांवर आली की १८ ग्रॅम पचवू शकते. मग ती तुमचं नाक सोडेल का तबला?"

पंतांच्या दोन खिशांत दोन यंत्रं. एकाच्या सुया चिरलेल्या ओंडक्यात खुपसायच्या: लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर धूर फार आणि धुराड्यात काजळी. दुसरं घरातल्या हवेचं. पडवीत "१७!" म्हणून लाकडाची पाठ थोपटणारा हा माणूस दिवाणखान्यात येऊन "१७..." असं म्हणतो की ऐकणाऱ्याने टोपी काढावी.

उपाय? पुण्याच्या तांबट आळीतलं तपेलं विमानातून मांडीवर आणलं आणि पाणी भरून स्टोव्हवर चढवलं. एका रात्री पाणी आटलं. कल्हई वितळते २३२ अंशांना, स्टोव्हचा माथा त्याच्याही पुढे गेलेला; सकाळी तळाशी चांदीसारखा गोळा. आता तिथे बिडाची किटली आहे. पंत रात्री दोनला उठून ती भरतात. स्वतःच्या मुलांसाठी उठल्याचं कुणाला आठवत नाही.

खरा इलाज फटी बुजवण्याचा, हेही त्यांना पटलेलं आहे. त्यासाठी पेटती उदबत्ती घेऊन ते खिडक्या-दारांच्या कडांवरून फिरतात. धूर हलला की तिथे फट. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या मागोमाग हात जोडून घरभर हिंडल्या, शेवटी प्रसादाचं विचारलं.

हौसेला आवर नसतोच. आकडा ४५ वर नेला तेव्हा काचांवरून पाणी ओघळलं, रात्रीत गोठलं आणि चौकटीवर बुरशी धरली. वहिनी चिपळूणच्या. "ज्या ओलीला कंटाळून माहेर सोडलं, ती यांनी लाकडं जाळून इथे आणली," एवढंच म्हणाल्या आणि फडकं पंतांच्या हाती दिलं. तेव्हापासून ३५ वर तह झाला. ड्रायर बंद; ओलं धुणं पिळून स्टोव्हपासून हातभर लांब दांडीवर वाळत घालणं हे खातं पंतांकडे. चादरी, पायमोजे, पडदे, सगळं ते आनंदाने घालतात, वर आकडा वहीत टिपतात. फक्त शनिवारी तो हमखास का घसरतो, ती फट उदबत्तीच्या दोन पुड्यांनंतरही सापडलेली नाही.

परवा पंत लाकडं आणायला बाहेर गेले तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, बोलू नका हं. आठवड्याचं धुणं साठलं, की मी मागच्या खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवते."