श्री. व्याजदर बाजारभावे यांस अनावृत पत्र

माननीय श्री. व्याजदर बाजारभावे यांस,

सा. न. वि. वि.

ब्रिटनमधल्या जुन्या घरांच्या भिंती आपल्या कायमच्या ऋणी आहेत. 2013 साली तिथल्या सरकारनं 'ग्रीन डील' आणलं. कर्ज काढा, भिंतींना उष्णतारोधक अस्तर लावा, हप्ता वीजबिलातून फेडा. हप्ता अंदाजित बचतीपेक्षा जास्त असायचा नाही, हा त्यातला 'सुवर्ण नियम'. मग सात टक्के आणि त्याहून वर असे आपण दारात उभे राहिलात, आणि मोठी कामं त्या नियमात बसेनात. लाखो घरांच्या बाता होत्या. कर्ज घेतलं सुमारे 14,000 घरांनी. 2015च्या जुलैत सरकारनं पैसा थांबवला.

जर्मनांना मात्र आपली कदर नाही. महायुद्धानंतरच्या पुनर्बांधणीसाठी 1948 साली निघालेल्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेनं आपल्याला वर्षानुवर्षं बाजाराच्या खाली बसवलं. घरमालक नेहमीच्या बँकेत जातो, ती बँक केएफडब्ल्यूकडून स्वस्त पैसा उचलते, फरक सरकारी तिजोरी सोसते. ऊर्जा सल्लागाराचा दाखला लागतो, आणि घर जितकं काटकसरी तितकी मुद्दलातही माफी. ही काय रीत झाली? सौर पॅनेल असो की भिंतीचं अस्तर, खर्च आज एकरकमी आणि बचत पुढं वीसेक वर्षं थोडीथोडी; अशा कामाचा निकाल दोन-चार टक्क्यांत लावण्याचा आपला मान हिरावून घ्यायचा?

तरी खचू नका. त्यांचीही फजिती झाली.

'एफिशियन्सी हाउस 55' म्हणजे प्रमाण घराच्या 55 टक्के ऊर्जेत भागवणारं घर. बिल्डर तशी नवी घरं एरवीही बांधू लागले होते, तरी सवलत चालूच. ती 2022च्या जानेवारीअखेर संपणार म्हटल्यावर अर्जांची अशी झुंबड उडाली, की 24 तारखेला मंत्रालयानं अर्ज घेणंच थांबवलं. त्या झटक्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीचे अर्जही अडकले, आणि खरी गरज तर तिथंच! ओरड झाली, सरकार नमलं, आधी आलेले सुमारे 24,000 अर्ज मार्गी लावायचं ठरलं. असा गोंधळ आपल्या हातून कधीच झाला नसता. आपल्या दारी गर्दी होते कुठं?

कळावे, लोभ आहेच. तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एक हितचिंतक

ता. क. धुळे जिल्ह्यात साक्रीला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 साली उभा राहिला, तोही केएफडब्ल्यूच्याच कर्जावर. आपल्याला बोलावणं का गेलं नाही, याची चौकशी जरूर करावी.