उत्तर न काढण्याची कृती

साहित्य: एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि हात आवरण्याइतका संयम. पहिल्या दोन वस्तू कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

डेटा सफिशियन्सीचा प्रश्न ओळखणं सोपं आहे. वर एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. तुम्ही सांगायचं ते इतकंच, की उत्तर द्यायला पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, कुठलंही एक पुरतं, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. उत्तर किती, हे कोणीही विचारलेलं नाही. पण दहा वर्षं 'उत्तर लिहा आणि खाली दोन रेघा मारा' ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे पटत नाही. तो उत्तर काढतोच. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्नांना १२० मिनिटं असतात, म्हणजे एकाला दीड मिनिट. त्यातलं सव्वा मिनिट तो दोन रेघांपर्यंत पोहोचण्यात घालवतो.

जीमॅटवाल्यांना ही खोड चांगली ठाऊक असावी. २०२३च्या अखेरीस त्यांनी परीक्षेची नवी आवृत्ती आणली आणि हे प्रश्न गणिताच्या विभागातून उचलून 'डेटा इनसाइट्स'मध्ये नेऊन ठेवले. तिथे पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. गणिताच्या विभागात, जिथे आकडेमोड खरोखरच करावी लागते, तिथे तो मिळत नाही. हा सापळा नसेलही, पण नवशिक्यांनी सापळाच समजावा.

आता सरावाला बसू. एका अभ्यासिकेत १०० मुलं आहेत. ६० चहा पितात, ४५ कॉफी पितात. दोन्ही पिणारे किती?

इथे नवशिक्या दोन वर्तुळं काढतो. जॉन वेनने १८८० साली त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हापासून ती फार लोकप्रिय आहेत. वर्तुळं काढा, हरकत नाही, पण त्यांच्याभोवती चौकट काढायला विसरू नका. विसरलात की चहाही न पिणारी आणि कॉफीही न पिणारी मुलं कागदावरून गायब होतात आणि तुम्ही ६० अधिक ४५ वजा १०० करून ५ असं लिहून मोकळे होता. त्यापेक्षा सरळ चार घरांचा तक्ता आखा: चहा हो-नाही आडवं, कॉफी हो-नाही उभं. बेरजा कडेला मांडल्या की चारपैकी कुठलंही एक घर कळलं तरी बाकीची तीन आपोआप भरतात.

म्हणून 'काहीच न पिणारे १० आहेत' हे विधान एकटं पुरतं. 'फक्त चहा पिणारे हे दोन्ही पिणाऱ्यांच्या तिप्पट आहेत' हेही एकटं पुरतं, कारण दोघांची बेरीज ६० आहे. दोन्हींतून १५ येतात, पण ते काढायची गरज नव्हती. तरी तुम्ही काढलेत, मला माहीत आहे. असू द्या, एक उपयोग झाला. जीमॅटच्या प्रश्नात दोन्ही विधानं खरी असतात आणि एकमेकांशी भांडत नाहीत. एकातून १५ आणि दुसऱ्यातून २० आले असते, तर चूक तुमची.

आता हे बघा: 'फक्त चहा पिणारे हे फक्त कॉफी पिणाऱ्यांपेक्षा १५ने जास्त आहेत.' वाटतं ना, काहीतरी हाती लागलं? काहीच लागलेलं नाही. ६० आणि ४५ या दोन्हींतून दोन्ही पिणारे सारखेच वजा होतात, फरक १५चा १५च राहतो. हे विधान म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतला 'आपली उपस्थिती प्रार्थनीय': वाक्य आहे, माहिती नाही. परीक्षकांचं अशा विधानांवर फार प्रेम असतं.

सरासरीचं प्रकरण निराळं. सकाळच्या बॅचची सरासरी ६० गुण, संध्याकाळच्या बॅचची ८०. सगळ्यांची मिळून किती? नवशिक्या ७० म्हणतो, त्याला पाणी द्या. इथे मुलं किती हे लागत नाही, प्रमाण लागतं. २ : ३ म्हटलं की पुरे. 'संध्याकाळी २० मुलं जास्त आहेत' हे पुरत नाही: सकाळी १० असतील तर सरासरी ७५, सकाळी २० असतील तर ७३ आणि काही अपूर्णांक. पण प्रश्न 'सगळ्यांची सरासरी ७०पेक्षा जास्त आहे का?' असा असेल, तर तेच विधान पुरतं. आणि 'सकाळी जास्त मुलं आहेत' हेही पुरतं, उत्तर 'नाही' येतं एवढंच. ठाम नकार हेही उत्तर आहे, हे नवशिक्यांना फार उशिरा कळतं.

शेवटी दोन्ही एकत्र. दुसरी अभ्यासिका, प्रत्येक जण चहा किंवा कॉफी, निदान एक तरी पितोच. चहाचे ६०, त्यांची सरासरी ७०. कॉफीचे ४०, त्यांची सरासरी ८०. सगळ्यांची सरासरी किती? बेरीज ७,४००, भागिले १००, म्हणजे ७४, असं म्हणू नका. दोन्ही पिणारे दोनदा मोजले गेलेत: डोक्यांतही आणि गुणांतही. ते किती आणि त्यांची सरासरी किती, दोन्ही हवं. 'दोन्ही पिणारे २०' आणि 'त्यांची सरासरी ७५' अशी दोन विधानं असली, तर एकटं कुठलंच पुरत नाही, मिळून पुरतात.

पण परीक्षक खडूस असेल, तर दुसऱ्या विधानात ७५च्या जागी ७४ टाकेल. मग दोन्ही पिणारे ५ असोत की २५, सरासरी ७४ असणारी डोकी सरासरी ७४ असणाऱ्या बेरजेतून वजा होतात आणि ७४ जागचे हलत नाहीत. दुसरं विधान एकटंच पुरतं. नवशिक्याने मघाशी घाईने लिहिलेलं ७४ इथे बरोबर येतं, पण पर्यायांमध्ये ७४ कुठेच नसतं.