ओळखीवर चालणारी फियाट

पंधरा वर्षं झाली की सरकार गाडीला म्हातारी ठरवतं आणि पन्नास झाली की पुरातन. मधली पस्तीस वर्षं गाडीनं करायचं काय, तर पेन्शनर जसा हयातीचा दाखला द्यायला जातो तसं दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा आणि वर पर्यावरण कर भरायचा. सांगलीच्या आमच्या मामांची फियाट १९७८ची. म्हणजे म्हातारपण उलटून जमाना झाला आणि पुरातन व्हायला अजून थोडा अवकाश आहे. मामांना त्याचं वाईट वाटत नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरती ती बाहेर काढायची.

"म्हणजे पेट्रोल भरायला जायचं आणि भरून घरी यायचं," मामा म्हणाले. "मग ते पेट्रोल जाळायचं कुठं?"

यातून त्यांनी निष्कर्ष काढला की २०२८ उजाडायच्या आत गाडी कन्याकुमारीला जाऊन आली पाहिजे. सांगलीहून बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम, मदुराई करत साधारण १३०० किलोमीटर. तेवढेच परत. ड्रायव्हर म्हणून साताऱ्याच्या भाच्याला, म्हणजे मला, न विचारता धरलेलं होतं.

गाडीच्या कागदावर 'प्रीमियर पद्मिनी' असं नाव आहे, पण अख्ख्या सांगलीत तिला फियाट सोडून दुसरं काही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगला गिअर, पुढं सलग सीट आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. कुर्ल्याच्या ज्या कंपनीनं ती बनवली ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली आणि मामा शिकले सांगलीच्या वालचंद कॉलेजात. तेवढ्यावर मामा या गाडीला माहेरची मानतात. तिला नावं ठेवलेली त्यांना चालत नाहीत. "गाडी थांबली" असं म्हणायचं नाही, "गाडीनं दम घेतला" म्हणायचं.

तयारीला आम्ही मिस्त्रीपासून सुरुवात केली. सांगलीत मामांचा एक मिस्त्री आहे, तो फक्त इंजिनाचा. त्यानं बोनेट उघडलं, गाडी चालू करायला सांगितली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "टॅपेट बोलतोय, पॉइंट जळलाय, टायमिंग मागं आहे. बाकी इंजिन नवं हाय." साताऱ्यात माझ्या ओळखीचा दुसरा मिस्त्री आहे, तो वायरिंगचा. त्याच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या कामाबद्दल दोघांचीही मतं तयार आहेत. सांगलीवाल्यानं लावलेलं टायमिंग साताऱ्यात हलायचं आणि साताऱ्यात ओढलेली वायर सांगलीत "ही कुणी घातली?" म्हणून उपटली जायची. आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज या रस्त्यानं गाडीच्या इतक्या फेऱ्या झाल्या की तेवढ्यात आम्ही हुबळी सहज गाठली असती.

खरी पंचाईत सुट्या भागांची. मुंबईत जोवर पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या पळत होत्या, तोवर मुंबईला जाणाऱ्या कुणाच्याही हाती चिठ्ठी दिली की माल यायचा. टॅक्सीला तिथं वीस वर्षांची मुदत. २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, आणि इकडं सांगलीत मामांना आप्त गेल्यासारखं झालं. त्या दिवशी ते जेवले, पण पापड घेतला नाही.

तेव्हापासून ही गाडी पेट्रोलपेक्षा ओळखीवर जास्त चालते. नवी गाडी नुसते पैसे मागते. जुनीला माणसं लागतात. डिस्ट्रिब्युटरची कॅप हवी होती, ती तासगावला मामांच्या जुन्या ऑफिसातल्या एका साहेबांकडं निघाली. त्यांची फियाट गोठ्याच्या बाजूला उभी असते आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी देतात. आम्ही विषय काढल्यावर साहेबांनी आधी चहा दिला, मग द्राक्षबागेला फेरी मारून आणली, मग जावयाबद्दलची तक्रार सांगितली आणि दिवेलागणीला कॅप काढून हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. "येताना कन्याकुमारीची तीन रंगांची वाळू तेवढी आणा." पाण्याचा पंप मिरजेच्या एका डॉक्टरांनी दिला आणि बदल्यात तिथल्या तीन समुद्रांचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत मागितलं. ते एकमेकांत मिसळलेलं असतं, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. हेड गॅस्केट इस्लामपूरहून आलं, त्याच्या मोबदल्यात एका मुलीचं स्थळ बघून यायचंय. मुलगा सेलमला असतो.

आणि मग पेट्रोलची नळी. सांगलीच्या मिस्त्रीनं टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबला. रबर फुगून मऊ पडलं होतं, नखानं निघत होतं.

"इथेनॉलचं काम," मिस्त्री म्हणाला.

मामा एकदम गप्प झाले. त्याला कारण होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि फियाटच्या काळातलं रबर काही ते गृहीत धरून बनवलेलं नव्हतं. आता हे इथेनॉल होतं कुठं, तर साखर कारखान्यात. आणि मामांचा वाळवा तालुक्यात दोन एकर ऊस आहे. इथेनॉलनं शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळतो, या विषयावर मामा गणेशोत्सवात बोलले आहेत, त्या भाषणाला टाळ्या पडल्या आहेत आणि ते पुढच्या वर्षी त्यांनी न सांगता पुन्हा केलं आहे. म्हणजे ऊस त्यांचा, नळी त्यांची आणि मधे फक्त एक कारखाना आणि एक पेट्रोल पंप. दोन एकरांतला थेंब नेमका याच नळीत आला असेल असं नाही, पण मिस्त्रीनं मामांकडं असं काही बघितलं की मामांनी न विचारता नव्या नळीचे, डायफ्रामचे आणि वर मजुरीचे पैसे काढून दिले. यंदा उसाची बिलं आली की हे पैसे वळते करून घेणार आहेत. कुणाकडून, ते अजून ठरलेलं नाही.

एवढं झाल्यावर घाटाची चाचणी. साताऱ्याजवळ घाट म्हणजे खंबाटकी, पण साताऱ्याहून पुण्याकडं जाताना लागायचा बोगदा. घाट चढायचा तो पुण्याहून येणाऱ्यांनी. त्यामुळं आम्ही आधी बोगद्यातून पलीकडं गेलो, खंडाळ्याला भजी खाल्ली आणि मग घाट चढायला गाडी उलटी वळवली. भजीवाल्यानं विचारलं, "कुठं निघालाय?" मामा म्हणाले, "कन्याकुमारी." तो आमच्या गाडीचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडं बघत राहिला.

चढावर गाडीनं दम घेतला. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुढं पेट्रोल जात नाही. यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. फडकं तयार होतं, पाण्याची बाटली तयार होती. मागून आलेल्या ट्रकवाल्यांपैकी निम्मे मदतीला थांबले आणि उरलेले सल्ला द्यायला. एकानं तर स्वतःच्या वडिलांच्या फियाटचा फोटो दाखवला. गाडी चालू झाल्यावरसुद्धा त्याचा अल्बम संपेपर्यंत आम्हाला निघता आलं नाही.

सांगलीच्या मिस्त्रीला हा वृत्तांत फोनवर सांगितला. तो म्हणाला, "चढाचं सोडा. चढली नाही तर थांबती. उतारावर थांबली नाही तर?" धर्मपुरी ते सेलमच्या मधला तोप्पूरचा घाट त्याला कुणा ट्रकवाल्यानं वर्णन करून सांगितला होता. ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत, म्हणून तिथं दुसऱ्या गिअरवर उतरायचं आणि ब्रेकला नुसतं विचारायचं, भार टाकायचा नाही. आम्हाला हे जमेल यावर त्याचा विश्वास नव्हता. "मीच येतो," तो म्हणाला. हे कळल्यावर साताऱ्याच्या वायरिंगवाल्यानंही रजा टाकली. तासगावचे साहेब कॅपच्या काळजीनं येणारच होते.

डिक्कीत आता दुसरा डायनामो, दोन फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, क्लच केबल, कूलंटचा डबा आणि मिस्त्रीची पत्र्याची पेटी आहे. कपड्यांच्या पिशव्या मांडीवर घ्यायच्या ठरल्या. मामी हे सगळं दारातून बघत होत्या. त्यांनी चार दिवसांच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, भडंगाचा डबा भरला आणि मग शांतपणे सांगितलं की त्या चालुक्य एक्स्प्रेसनं येणार आहेत. गाडी सांगलीहूनच जाते, थेट तिरुनेलवेलीला सोडते. तिथून कन्याकुमारी जवळ.

"तुम्ही या मागनं," त्या म्हणाल्या. "आणि येतानाची तिकिटं मी सगळ्यांची काढली आहेत."

"आणि फियाट?" मामांनी विचारलं.

"ठेवा की तिथंच कुणाच्या तरी ओळखीनं."

मामा संध्याकाळभर कुणाशी बोलले नाहीत. गाडीवर कव्हर टाकलं, परत काढलं, टायरची हवा बघितली. रात्री जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिकिटं बघितलीस का रे तू? मला लोअर बर्थ मिळालाय का?"