पावसाचं दहावं वाहन

आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन नेमून दिलेलं असतं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस धो धो. मोर, गाढव, उंदीर निघाले तर बेताचा. कोल्हा नाहीतर मेंढा आला तर शेतकऱ्याने कपाळाला हात लावायचा, आणि घोडा आला तर पाऊस डोंगरावर. गिरगावातल्या आमच्या वाडीला मात्र दहावं वाहनही ठाऊक होतं. ते वाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीला खेटून उभं असायचं आणि त्याचं भाकीत पंचांगापेक्षा पक्कं होतं. दिनूभाऊंनी जीपचं हूड उतरवलं, की तासाभरात पाऊस आलाच म्हणून समजावं.

ही जीप म्हणे लष्कराच्या लिलावातून निघाली. तिथून ती एका कंत्राटदाराकडे गेली, कंत्राटदाराकडून एका मालिकेच्या चित्रीकरणाला आणि मालिका बंद पडल्यावर दिनूभाऊंकडे. ती कुठल्या कंपनीची, हे सांगण्यात अर्थ नाही. कंपनीने जन्माला घातलेला एकही भाग आता तिच्या अंगावर नाही. इंजिन एकीचं, दारं दुसरीची आणि हूड सीटकव्हर शिवणाऱ्याकडून मापाने शिवून घेतलेलं. माप घेतलं त्या दिवशी शिंप्याला घाई होती, हे पहिल्याच पावसात कळलं.

सहकारी बँकेत कारकुनी करणाऱ्या, रोज चर्नी रोडवरून लोकल पकडणाऱ्या माणसाला जीप कशाला हवी? ह्या दुखण्याचं मूळ ‘आराधना’त आहे. १९६९ च्या ह्या सिनेमात दार्जिलिंगच्या इवल्याशा रेल्वेशेजारून उघडी जीप धावते आणि जीपमध्ये असतो आपल्या ठाकूरद्वारला वाढलेला राजेश खन्ना. दिनूभाऊंनी तो पुढे कधीतरी मॅटिनीला पाहिला आणि गिरगावच्या पोराला जीप शोभते, एवढंच डोक्यात घेऊन बाहेर पडले. वहिनींनीही तो पाहिला होता, पण त्यांनी वेगळीच माहिती मिळवून ठेवली होती. शर्मिला टागोर त्या दिवशी दार्जिलिंगला नव्हतीच, तिचे प्रसंग नंतर स्टुडिओत घेतले. “बघा,” वहिनी म्हणायच्या, “त्या बाईलासुद्धा कळलं. जीपच्या जवळपास फिरकली नाही. कोरडी राहिली.”

“अहो, चार दारं आणि एक छप्पर असलेली गाडी त्याच पैशात आली असती,” हेही त्या म्हणाल्या होत्या.

“छप्पर घरी आहे की,” दिनूभाऊ म्हणाले.

ह्यावर वहिनींनी फक्त वर पाहिलं. वर मंगलोरी कौलं होती आणि कौलांखाली, कॉटच्या दोन्ही अंगांना, माईंची पातेली मांडलेली होती.

माई म्हणजे दिनूभाऊंच्या आई. खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी आढ्याखाली. त्यामुळे पाऊस पडतो आहे का हे बघायला माईंना कधी खिडकीशी जावं लागलं नाही. कुलाब्याची वेधशाळा मिलिमीटरमध्ये मोजते, माई पातेल्यांत मोजत. दीड पातेलं म्हणजे शाळा चालू. तीन पातेली म्हणजे डबा करू नका, गाड्या बंद असणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही आकडे दुसऱ्या दिवशी ऐकून सगळी वाडी थक्क झाली, पण माईंना नवल वाटलं नाही. “मी तेव्हाच म्हटलं,” त्या म्हणाल्या, “पातेलं भरलं नाही आणि माणसं मात्र घरी येईनात. हा पाऊस आपल्या इथला नव्हे.” रात्री भरलेली पातेली मोरीत ओतण्याचं काम दिनूभाऊंकडे असे, वयाच्या सहाव्या वर्षापासून.

दिवाळीपासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत दिनूभाऊ राजे असत. हूड उतरवून गुंडाळलेलं, पुढची काच बॉनेटवर आडवी, डोळ्यांना काळा चष्मा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत जीप झेंडूने मढायची आणि वाडीतली पोरं ढोल घेऊन मागे उभी राहायची. फडके वाडीपासून ठाकूरद्वारपर्यंतचं अंतर पायी दहा मिनिटांचं. जीपला दोन तास लागत. एकाही मिनिटाची दिनूभाऊंनी कधी तक्रार केली नाही.

मग मृग लागायचा.

हूड चढवणं हा तीन माणसांचा आणि पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम. आधी लोखंडी कमानी उभ्या करायच्या, मग कॅनव्हास ओढायचा, मग पट्टे, बटणं आणि शेवटी खिडक्यांच्या चेनी. डावीकडची चेन अर्ध्यावर अडते, तिला मेणबत्ती घासायची. मुंबईचा पाऊस माणसाला फार तर दोन मिनिटं देतो. त्यामुळे हूड चढेपर्यंत सर येऊन, जीप भिजवून, निघूनही गेलेली असे आणि आत मुरलेली ओल पुढे तीन दिवस बंदोबस्तात राही.

पण जीप गळते, असं म्हणायची सोय नव्हती. दिनूभाऊंच्या कोशात तो शब्दच नव्हता. जीपला ‘घाम येतो’, ‘दव धरतं’, ‘जरा ओल सुटते’. एकदा मागच्या सीटवर बसलेल्या जावयाच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं, तेव्हा “हवा खेळती आहे,” असं दिनूभाऊंनी सांगितलं.

बसायची जागा मानाप्रमाणे ठरे. ड्रायव्हरच्या शेजारी डाव्या गुडघ्यावर धार. मागे उजवीकडे मानेवर थेंब, दर चार सेकंदांनी एक. मागे डावीकडे त्यातल्या त्यात कोरडं, म्हणून तिथे जिन्नस ठेवायचे. खरा दगा मधोमध असे. सैल पडलेल्या कॅनव्हासवर पाण्याचं तळं साचायचं, आतून कुणाला दिसायचं नाही आणि ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला ब्रेक मारला की ते सगळं पुढे सरकून दिनूभाऊंच्या डोक्यावर यायचं. वाहतूक हवालदार सिग्नल सोडून हे बघत उभे राहत. वहिनी जीपमध्ये छत्री उघडून बसत. “आतून छत्री लावणारं हे एकच वाहन आहे,” त्या म्हणायच्या. बाकी पंचांगातल्या नऊ वाहनांना निदान आत-बाहेर नाही.

सुती कॅनव्हासचं शास्त्र दिनूभाऊंना मात्र तोंडपाठ होतं, आणि ते खरंही होतं. कापड भिजलं की धागा फुगतो, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी वरून घरंगळून जातं. फक्त ओल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही. लावलंत तर तिथे धरून राहिलेलं पाणी सुटतं आणि बोटाच्या मागोमाग आत येतं. हे दिनूभाऊ प्रत्येक पाहुण्याला बसण्याआधी बजावत. “कुठे?” असं म्हणून प्रत्येक पाहुणा बोट लावत असे.

शिवणीचं शास्त्र निराळं. सुईने केलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची एक वाट. एका शिवणीत अशा शेकडो वाटा. त्यावर मेण घासायचं. मग दारांचं रबर. दार आणि चौकट ह्यांच्या मध्ये दहाची नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली तर रबर ठीक, सरकन निघाली तर समजायचं पाणीही असंच निघणार. ह्या परीक्षेत दहाच्या तीन नोटा फाटल्या. त्या दिनूभाऊंनी आपल्याच बँकेत आपल्याच काउंटरवर स्वतःकडून बदलून घेतल्या.

सगळ्यात अवघड काम म्हणजे पाणी नेमकं कुठून येतं ते शोधणं. थेंब जिथे पडतो तिथून ते आत आलेलं नसतं. काच दुमडणारी, म्हणून काचेखाली बिजागऱ्या, म्हणून तिथे फट. फटीतून पाणी आत येतं, डॅशबोर्डमागून वायरीला धरून चालतं, पत्र्याच्या कडेने वळण घेतं आणि उगवतं ते थेट मागच्या सीटखाली. ह्या तपासासाठी रविवारी वाडीतल्या एका पोराला बॅटरी देऊन आत कोंडायचं, सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरायची आणि बाहेरून दिनूभाऊंनी नळीने पाणी सोडायचं. पावडरीवर जिथून ओघळ सुरू होईल तिथून पोराने ओरडायचं. पोरगं सुरुवातीपासूनच ओरडत असे, आणि बाहेर येई ते जत्रेतल्या बहुरूप्यासारखं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याने कुणी हे म्हटलं त्याच्याकडे जीप नव्हती.

दिनूभाऊ एकटे नव्हते. ह्या पंथाच्या मुंबईत निदान तीन शाखा आहेत. दादरची शाखा शिवाजी पार्काच्या कट्ट्याला जीप लावते. तिची जीप नवी, छप्पर बटणावर निघणारं आणि बोलणं सगळं माहितीपुस्तकातून. पाणी आलं की दादरकर शांतपणे म्हणतात, “ते डिझाइनच तसं आहे.” लालबागची शाखा मात्र पुस्तक वाचत नाही. तिथला जीपवाला मंडळाचा कार्यकर्ता असतो. गणपतीच्या मंडपाची उरलेली निळी ताडपत्री तो सुतळीने जीपवर आवळतो आणि विषय संपवतो. दिनूभाऊंनी एकदा लालबागच्या एका मंडपवाल्याला जीप दाखवली. तो भोवती एकच फेरी मारून म्हणाला, “भाऊ, भोकं कसली बुजवताय? उतार द्या. पाण्याला बसायला जागा दिली की ते मुक्कामच करतं.” साऱ्या चौकशीत हे एकच शहाणपणाचं वाक्य होतं. दिनूभाऊंनी ते मानलं नाही. उतार दिला तर जीप टेम्पोसारखी दिसते.

आता जीप म्हणजे नदीनाले ओलांडणारं वाहन, आणि गिरगावात नदी नाही. म्हणून दिनूभाऊंनी परळचं हिंदमाता दत्तक घेतलं होतं. तिथली जमीन बशीसारखी. भरतीच्या वेळी पाऊस आला की समुद्र पाणी घेईना आणि बशी भरे. छोट्या गाड्या बंद पडत, बसगाड्या थांबत आणि त्यांच्या मधून दिनूभाऊ पाणी कापत जात. खालून फार तर शिंतोडे येत. खरं पाणी वरूनच येई. पाण्यात अडकलेली माणसं आशेने जीपमध्ये चढत, दोन मिनिटं बसत आणि “आम्ही चालत जातो” म्हणून उतरत. गुडघाभर पाण्यातून चाललं तर निदान डोकं कोरडं राहतं. पुढे महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला पार्काखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायला मोठ्या टाक्या बांधल्या. आता पाणी लवकर ओसरतं. साऱ्या परळला बरं वाटलं. “एवढी एक नदी होती,” दिनूभाऊ खिन्नपणे म्हणाले.

एका वर्षी मात्र त्यांनी ठरवलंच. एप्रिल-मे असे दोन महिने खपून शिवणींना मेण, काचेखाली नवं रबर, बिजागऱ्यांना सिलिकॉन आणि, खालून शिंतोडे येऊ नयेत म्हणून, जमिनीच्या पत्र्यातली पाणी सोडायची भोकं बुचं मारून ठाकठीक बंद केली. जीप लखोट्यासारखी बंद झाली. फक्त एका खिडकीची चेन लावायची राहिली. आर्द्रात एका रात्री पाऊस कोसळला. सकाळी पाहिलं तर आत पेडल बुडेपर्यंत पाणी, आणि बाहेर एक थेंब जाईना. इतकी वर्षं येत होतं तसं ते निमूटपणे जातही होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिनूभाऊ त्याच दिवशी लग्नाला कोकणात गेले. आठवड्याने पालिकेचा डासांच्या अळ्या शोधणारा माणूस वाडीत आला, पिंपं बघितली, कुंड्या बघितल्या, जुने टायर बघितले, आणि सहज म्हणून जीपमध्ये बॅटरी मारली. “ही टाकी कुणाची?” त्याने विचारलं. दिनूभाऊ परतल्यावर बुचं निघाली ती पुन्हा बसली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी वाडी पाडायला घेतली. टॉवर होईपर्यंत बिऱ्हाड परळला, सतराव्या मजल्यावर भाड्याने गेलं. घर चकचकीत. खिडक्या सरकत्या आणि लावल्या की बाहेरचा आवाज बंद. माईंची पातेली एकात एक घालून माळ्यावर गेली. जीपला खाली छप्पर असलेली जागा मिळाली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती जागा रिकामी होती आणि जीप बाहेर उघड्यावर, उतार नसलेलं तेच हूड चढवून उभी. मुलाने लोखंडी छप्पर बसवून द्यायची तयारी दाखवली होती. दिनूभाऊ “बघू” म्हणाले होते.

मृगाची पहिलीच सर होती. माई खिडकीच्या काचेला हात लावून बसलेल्या. “दिन्या,” त्यांनी विचारलं, “पडतोय का रे? काही कळत नाही इथे.”

दिनूभाऊंनी छत्री घेतली. मीही सोबत उतरलो. त्यांनी जीपची चेन मेणबत्ती न घासता एका झटक्यात उघडली. आत, मागच्या उजव्या सीटवर, दर चार सेकंदांच्या थेंबाखाली माईंचं मधलं पातेलं ठेवलेलं होतं. ते किती भरलंय ते त्यांनी वाकून नीट पाहिलं आणि फोन लावला.

“आई, गळतंय,” ते म्हणाले. “अर्धं झालं. रात्रीपर्यंत दीड होईल.”

पलीकडून माई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवून दिनूभाऊ मला म्हणाले, “शाळा चालू.”