गाडी लागली

फोरमनकाकांच्या गाडीत लाटण्याला स्वतःची सावली आहे. ओट्यामागच्या पिवळ्या पत्र्यावर लाटणं, झारा, उलथनं, सांडशी, किसणी यांच्या आकृत्या काळ्या रंगाने काढल्यात आणि ज्याने त्याने आपापल्या आकृतीवर जाऊन लटकायचं. कारखान्यात याला शॅडो बोर्ड म्हणतात. कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसावं म्हणून. काकू झारा मुद्दाम उलथन्याच्या सावलीवर टांगतात. काका काही बोलत नाहीत, जाता-येता जागा बदलतात. पाठ फिरली की झारा पुन्हा परक्या सावलीत.

काका टेल्कोत ३६ वर्षं होते. टेल्कोची टाटा मोटर्स झाली २००३ साली. आमच्या निगडीत ही बातमी अजून पोचायची आहे. असे काका इथं बिल्डिंगमागं दोन सापडतात. सातारा-सांगलीकडून पोरवयात आलेले, आयटीआय करून कंपनीत लागलेले, आणि रिटायर झाल्यावरही पहाटे पावणेपाचला उठणारे, कारण शरीराला अजून पहिल्या पाळीची बस पकडायची असते. अशा माणसाला घरात बसवलं की तो गॅसच्या शेगडीचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स करतो. दर शुक्रवारी. शेवटी काकूच वैतागून म्हणाल्या, “अहो, कुठंतरी फिरून या.” काकांनी त्या ‘या’चा ‘येऊ’ केला.

शाळेच्या पोरांनी खिळखिळी केलेली एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर त्यांनी उचलली. पिंपरीत आयुष्य काढलेल्या माणसाने आकुर्डीच्या कंपनीची गाडी घ्यावी, म्हणजे कऱ्हेकाठच्याने कृष्णेचं पाणी भरण्यासारखं. मी तसं म्हटलं, तर काका म्हणाले, “उंची बघ. आत उभं राहून पोळ्या लाटता येतात.” आणि मग मला टेम्पोचा इतिहास ऐकावा लागला. टेम्पो हे मूळ एका जर्मन कंपनीचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली. तिची फोर्स मोटर्स झाली, पण मराठीने टेम्पो सोडला नाही. आपल्याकडं सोफासेट टेम्पोने येतो आणि गणपती टेम्पोने जातो.

भोसरीच्या एका शेडमध्ये चार महिने काम चाललं. दिवसा जेवायचं टेबल आणि रात्री पलंग, खाली पाण्याची टाकी, वर सोलर. काका रोज व्हर्नियर घेऊन हजर. “दोन मिलीमीटरचा गॅप आहे,” असं ते म्हणाले की मिस्त्री शांतपणे म्हणायचा, “पट्टी मारू की काका.” या संवादावर काकांचा रक्तदाब वाढला असावा, मिस्त्रीचं बिल मात्र नक्की वाढलं.

राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याची झेरॉक्स काकांनी गाडीत लॅमिनेट करून लावली आहे. मला विचाराल तर हे धोरण आपल्याकडं आधीपासूनच रस्त्यावर होतं. वारीतले दिंडीचे ट्रक बघा: तंबू, भांडी, सिलिंडर, पिठाची पोती, वर वाळत घातलेली लुगडी. नारायणगावचे तमाशाचे फड पुणे-नाशिक रस्त्यावरून वर्षानुवर्षं घरदार ट्रकमध्ये घालून फिरताहेत. फक्त त्यांच्याकडं शॅडो बोर्ड नव्हता.

अडचण एकच होती. काकूंना गाडी लागते. वल्लभनगरच्या स्टँडवर नुसता एसटीचा वास आला तरी त्या लिंबू शोधतात. काकांचं उत्तर तयार होतं. “ही गाडी नाहीच. घर आहे. घर कुणाला लागतं का?”

तर पहिली मोहीम काश्मीर. व्हाया नाशिक. मला मंचरला सासरवाडीला जायचं होतं, म्हणून मीही चढलो. दुपारी दीडला निघालो, स्पाइन रोडने मोशीला आलो, आणि काकांनी गाडी कडेला घेतली. चहा करायचा होता. पण चहाआधी पाणसळ. गाडी उभी राहिली की काका ओट्यावर पाणसळ ठेवतात आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत चाकाखाली ठोकळे सारतात. नाहीतर तव्यावरचं तेल एका कडेला जमतं आणि घावन अर्धं जाड, अर्धं जाळीदार होतं. काका खाली वाकलेले, दार उघडं. तेवढ्यात सेफ्टी शूज घातलेला एक पोरगा आत आला, “आज लवकर आली का?” म्हणाला आणि पलंगावर बसला.

त्याच्यामागून दहा जण आले. चाकण पट्ट्यात दुपारी दोनच्या सुमाराला पांढरी ट्रॅव्हलर रस्त्याकडेला उभी असेल तर ती दुसऱ्या पाळीचीच, यात कुणाला शंका नसते. मी सांगायला तोंड उघडलं, पण काका दारात आले, घड्याळ बघितलं आणि विचारलं, “साडेतीनची पाळी ना? गेट कुठलं?”

काश्मीर तिथंच संपलं.

इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी ठीक गेलं. आळंदी फाट्याच्या अलीकडं सगळं थांबलं. पुढं कांद्याचे ट्रक, मोटारी वाहणारे लांबलचक ट्रेलर, मध्ये घुसलेल्या दुचाक्या. चाकणच्या तळेगाव चौकाची ही ख्याती जुनी आहे. शेजारच्या मोटारीतला साहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. आमच्याकडं काकूंनी आलं ठेचलं. गाडी हलतच नव्हती, त्यामुळं लागतही नव्हती. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा एवढा सुखाचा प्रवास झाला नव्हता. अकरा पोरांना चहा, वर पोहे. साहेब काच खाली करून फोडणीच्या दिशेने बघत राहिला. काकूंनी त्यालाही खिडकीतून बशी दिली.

काका मात्र घामाघूम. “तीन वाजून पाच. पंचिंग चुकतंय.” पोरं निवांत होती. लातूरचा एक ट्रेनी कप विसळायला उठला, त्याची नजर पत्र्यावर गेली. त्याने काही न बोलता झारा काढला, झाऱ्याच्या सावलीवर टांगला आणि उलथनं उलथन्याच्या. काका आरशातून बघत होते.

“कुठलं डिपार्टमेंट रे तुझं?” त्यांचा आवाज जरा ओला होता.

म्हाळुंग्याच्या गेटवर पोचलो तेव्हा तीन पंचवीस झाले होते. वॉचमनने शिट्टी मारून गाडी बसच्या रांगेत लावायला लावली. पोरांची खरी बस मागून रिकामीच आली. आता उलटं फिरून पुन्हा चौकात कोण घुसणार, म्हणून मुक्काम तिथंच, मागच्या मोकळ्या जागेत, ट्रेलरवाल्यांच्या शेजारी. घरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. राजस्थानचा एक ड्रायव्हर ट्रेलरच्या बाजूच्या पेटीतून स्टोव्ह काढून रोट्या भाजत होता. त्याची जमीन उतरती होती, पण तवा त्याने एका बाजूला खडा ठेवून नुसत्या नजरेने सरळ केला होता. काकांनी पाणसळ नेऊन लावली. बुडबुडा मध्यावर. काका बराच वेळ त्या खड्याकडं बघत बसले. मी सासरवाडीला फोन करून खोटं बोललो.

रात्री पावणेबाराला इंजिन चालू झाल्याचा आवाज आला. “पोरांना त्यांची बस आहे ना?” मी विचारलं. “आहे. पण एखादा राहिला तर?” चार बस रांगेत होत्या, तरी लातूरचा ट्रेनी सरळ आमच्याच दारात आला. इथं आडवं होता येतं हे त्याने दुपारीच हेरलं होतं. मोशी यायच्या आत तो घोरत होता.

रस्ता रिकामा, गाडी आता खरंच पळायला लागली. काकूंनी अंधारात एका हाताने लिंबू चाचपलं, दुसरा हात लांबवला, झारा काढला आणि उलथन्याच्या सावलीवर टांगून डोळे मिटले.