शेरडांना विचारून लावावं

"अगो, कळलं का? कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्यात कोनोकार्पस लावलाय. चारही बाजूंनी! काल टेम्पो भरून रोपं आली. पुरुषभर उंच एकेक."

शालनकाकूंचं बोलणं बातमीनं सुरू होतं, सल्ला मागाहून येतो. माहेर गुहागरकडचं, साताऱ्यात जन्म गेला तरी 'अगो' काही सुटलं नाही. मी तारेपाशी गेले होते ते एवढंच विचारायला, की आपल्या दोन घरांमधल्या या गंजक्या तारेच्या जागी हिरवं कुंपण केलं तर चालेल ना.

"न चालायला काय झालं? पण कोनोकार्पस आणणार असशील तर नाही चालायचं."

"का हो? किती दाट होतो. आणि वाढतोही भराभरा."

"तेच तर. वर वाढतो तसा खालीही वाढतो. मुळं पाण्यामागे धावतात, आणि वस्तीत पाणी कुठं असतं? पाइपात. ड्रेनेजच्या लायनी, केबली, सगळ्यांत घुसतो म्हणून गुजरातच्या वनखात्यानं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. फुलाऱ्यात पराग उडतो, सर्दी-दम्याला निमित्त, हेही कारण दिलंय त्यांनी. आता आमच्या ह्यांचा दमा नि ती भिंत एकाच गल्लीत. पण सांगणार कोण? बाई गेटातून हसतेसुद्धा मोजून."

"मग मी काय लावू?"

"आधी अडवायचंय कोणाला ते ठरव. शेरडांना, धुळीला, की माझ्या डोळ्यांना?"

मी म्हटलं, शेरडांना. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून संध्याकाळी जो कळप उतरतो, त्यानं माझी गुलाबाची तीन रोपं बुडख्यापर्यंत नेली होती.

"मग शेरडांना विचारून लाव! जास्वंद आवडते त्यांना. आणि जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला की कापूस पिंजल्यासारखी पांढरी होते ती, निंबोळी तेल नि साबणाचं पाणी मारता मारता हात दुखून येतात. ती पिवळी ड्युरांटा दिसायला छान, पण तिची नारिंगी फळं विषारी, आणि तुझा नातू अजून सगळं तोंडात घालतो. मोगली एरंडाला शेरडू तोंड लावत नाही, खरंय, पण पोरं लावतात. बिया गोडसर लागतात म्हणून खातात नि मग ओकाऱ्या. दर वर्षी पेपरात येतं कुठल्या ना कुठल्या शाळेचं."

"कण्हेर?"

"तीही विषारी. सगळीच. पान, फूल, मूळ."

"कुंती लावते मग. काय वास असतो पावसाळ्यात!"

काकूंनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. तिथं माझं कागदी लिंबाचं झाड आहे.

"लाव, आणि लिंबावर पाणी सोड. कुंती लिंबाच्याच कुळातली. सिट्रस सायला म्हणून बारीकशी कीड असते, ती कुंतीवर सुखानं नांदते आणि तिथून लिंबावर जाते. नुसती रस शोषत नाही, रोगही नेते झाडात. मग पानं अर्धी हिरवी अर्धी पिवळी, फळ वेडंवाकडं. शेजारी एकही लिंबू-संत्रं नसेल त्यानं कुंती खुशाल लावावी."

करवंदाचं नाव मीच काढलं. काकू जरा हळव्या झाल्या, कारण माहेरच्या आगराला वरच्या अंगाला जांभ्याचा गडगा, खालच्या अंगाला वई आणि मधे करवंदीची जाळी होती. पण हळवेपणा त्यांना फार वेळ परवडत नाही. "करवंदीतून शेरडू काय, कोल्हा जायचा नाही. फक्त वेळ लागतो. बी ताजंच पेरावं लागतं, सुकलं की उगवायला कुरकुरतं, आणि पहिली दोन-तीन वर्षं अंगच धरत नाही. तुझ्याकडे आहे तेवढा धीर?"

"शेर लावला तर? काडी खोचली की जगतो म्हणतात."

"शेराचं नाव नको काढूस. एक तर त्याचा चीक. डोळ्यात थेंब उडाला तर थेट डॉक्टर गाठावा लागतो. आणि दुसरं…" काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता खरं सांगायचं होतं. "आमच्या नात्यात दोन भावांच्या वाटणीत शेराचं कुंपण होतं. धाकटा दर पावसाळ्यात बाहेरच्या अंगाला नव्या काड्या खोचायचा आणि आतल्या जुन्या काढून जाळायचा. कोणाला पत्ता नाही. कुंपण आपलं वर्षाला वीतभर चालतंय! थोरल्याच्या आंब्याला कुंपण टेकलं तेव्हा सरकारी मोजणी आणली. तोवर दोघांच्या सुना एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. म्हणून म्हणते, जे लावशील ते तुझ्या हद्दीत दोन फूट आत लाव. आज आपलं गूळपीठ आहे गो, पण उद्याचं कोणी बघितलंय? शिवाय बाहेरच्या बाजूनं कापायला उभं कुठं राहशील? माझ्या अळूत?"

ओट्यावरून काकूंच्या यजमानांचा, अण्णांचा आवाज आला. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण तास अजून संपलेला नाही. "तिला ह्यूमचं कुंपण सांगितलंस का?"

"झालं सुरू."

"मिठावरचा कर बुडवून कोणी मीठ आणू नये म्हणून इंग्रजांनी अर्ध्या हिंदुस्थानात आडवी जकातीची रेषा आखली होती. सिंधूपासून खाली बऱ्हाणपुरापर्यंत आणि तिथून पूर्वेला. तिच्यावर शेकडो मैल जिवंत कुंपण. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर. काही ठिकाणी बारा फूट उंच. १८६७ ते १८७० जकातीचा आयुक्त होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, तोच, १८८५ च्या काँग्रेसचा! जिथं जमीन खडकाळ तिथं त्यानं चर खणून बाहेरची माती भरली. तरी वाळवी लागायची, वणवे लागायचे, वादळात पट्टेच्या पट्टे पडायचे. राखायला हजारो माणसं. शेवटी सांभरचं मीठ सरकारच्या हाती आलं, कर तिथंच घेता यायला लागला आणि १८७९ मध्ये रेषा मोडीत काढली. पुढं रॉय मॉक्सहॅम नावाचा एक इंग्रज ते कुंपण शोधत चंबळच्या खोऱ्यात हिंडला, त्याचं पुस्तक आलं २००१ मध्ये. सापडलं काय, तर थोडासा काटेरी बांध."

"म्हणजे सरकारनं पगारी माणसं ठेवून जे टिकलं नाही," काकू माझ्याकडे वळल्या, "ते ही शनिवार-रविवारी टिकवणार!"

अण्णांची गोष्ट मला आवडली, पण काकूंचा टोला जास्त कामाचा होता. नर्सरीवाला रोपं विकतो, कात्री चालवायला येत नाही.

"कोयनेल लाव," काकूंनी निकाल दिला. "कोणी कडू मेंदी म्हणतात. कडू, म्हणून शेरडू हुंगून पुढं जातं. आमच्या मागच्या बाजूला आहे ती सासूबाईंनी लावलेली. एक रुपया खर्च नाही, काड्या मी देते. मृग लागलाय, दोन सरी चांगल्या पडू देत. फूटभर रुंद, फूटभर खोल चर घे. शेणखत नि माती मिसळून भर. काडी पेन्सिलीएवढी जाड, दीड वीत लांब, खालची पानं काढलेली, निम्मी मातीत. दोन ओळी कर, एकीच्या काडीसमोर दुसरीची फट आली पाहिजे. अंतर फूटभर."

"फूटभर? फार विरळ दिसेल."

"पहिल्या वर्षी दिसतंच. लोक घाईनं चार-चार बोटांवर लावतात, मग एकमेकांच्या सावलीत खालची पानं झडतात. कुंपण वरून गच्च, खालून उघडं. आणि शेरडू काय वरून येतं?"

इथं त्या खरोखर रंगात आल्या. मागच्या कोयनेलपाशी मला नेलं, फांद्या हातानं बाजूला केल्या. आत जमिनीलगत दाट फुटवे होते. रोप गुडघ्याला आलं की शेंडा खुडायचा, जीव कितीही खालीवर झाला तरी. मग बाजूनं फुटतं. वीतभर वाढलं की पुन्हा. उंचीची घाई करणाऱ्याचं कुंपण कधी भरत नाही, असं त्यांचं म्हणणं. कापताना दोन टोकांना बांबू रोवून सुतळी ताणायची, डोळ्याच्या अंदाजावर जायचं नाही. आणि आकार परकरासारखा, खाली घेर, वर आवळ. म्हणजे तळाच्या पानांनाही ऊन मिळतं. त्यांच्या कुंपणाला तसा उतार होता, पण कोणी दाखवल्याखेरीज लक्षात येत नव्हता.

"पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कात्री. थंडीत कमी. चैत्र-वैशाखात जोरात कापू नको, आतली कोवळी पानं करपतात. आणि कापायच्या आधी आत डोकावून बघायचं. बुलबुलाची वाटी असते. शिंप्यानं पान शिवलेलं असतं. असलं की तेवढा भाग महिनाभर सोडायचा, वाकडं दिसलं तरी दिसू दे."

"आणि साप?"

"पालापाचोळा साठवलास तर उंदीर येतील, उंदरामागे साप. बुंध्याशी झाडून ठेव, एवढंच. ही तार मात्र वर्षभर काढू नको. कोवळ्या फुटव्यांवर शेरडू पाय देतं, खाल्लं नाही तरी मोडतं."

मी मान डोलावली आणि कात्री मागितली, तेवढ्यात काड्या कापून घ्याव्यात म्हणून.

"काड्या हव्या तेवढ्या ने. कात्री नाही. कात्री नि बिडाची कढई मी कोणाला देत नाही. मंडईपाशी धारवाला बसतो, त्याच्याकडे जुन्या कात्र्या मिळतात. माझं नाव सांग, नाहीतर नव्याचा भाव लावेल."